गुळातला सल्फाइट नेमका कुठून आला? कराड तालुक्यातल्या एका गुऱ्हाळाचं प्रकरण

पार्श्वभूमी

कराड तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावातलं हे गुऱ्हाळ आहे. गावाचं, मालकाचं आणि व्यापाऱ्याचं नाव इथे दिलेलं नाही. मोजमापाचे आकडेही थोडे गोल केले आहेत, पण त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं बदललेलं नाही.

मालक पंचेचाळिशीतले, सगळे त्यांना दादा म्हणतात. घरचा ऊस को ८६०३२ जातीचा. गुळासाठी हा वाण या भागात मानला जातो. दादांचं गुऱ्हाळ दोन पद्धतींनी चालतं. काही दिवस स्वतःच्या उसाचा गूळ निघतो. बाकीचे दिवस गावातले आणि शेजारच्या गावातले शेतकरी आपला ऊस आणून पाळीने गाळून घेतात. चरक, चुलवाण आणि रस आटवायची काहील (तिच्यात एका वेळी चढतो तो रस म्हणजे एक आदण) तीच राहते. गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा कारागीर, तोही तोच असतो. शेतकरी आणि ऊस तेवढा बदलतो. ही साधी गोष्ट प्रकरण सुरू झालं तेव्हा कुणाच्याच डोक्यात नव्हती.

दोन हंगामांपासून दादा स्वतःचा गूळ पुण्याच्या एका व्यापाऱ्याला देत होते. व्यापारी त्याच्या एक किलोच्या वड्या करून ‘रसायनमुक्त’ असा छाप मारून विकायचा. दर बाजारापेक्षा बराच चांगला मिळायचा. अट एकच होती, की हायड्रोस घालायचा नाही.

हायड्रोस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, रसायनशास्त्रात सोडियम डायथायोनाइट. कापडाच्या रंगकामात वापरतात ती पांढरी भुकटी. उकळत्या रसात टाकली की रंग उतरतो आणि गूळ पिवळाधमक दिसतो. बाजारात पिवळ्या गुळाला गिऱ्हाईक असतं म्हणून ती टाकली जाते. काही महिन्यांत रंग पुन्हा काळवंडतो, पण तोवर माल विकून झालेला असतो. मागे उरतो तो सल्फाइट. तो सल्फर डायऑक्साइडच्या हिशेबात मोजतात. गुळात सल्फर डायऑक्साइडची कायदेशीर कमाल मर्यादा ७० पीपीएम आहे, म्हणजे किलोला ७० मिलिग्रॅम.

अडचण

मे महिन्यात व्यापाऱ्याने एक खेप खासगी प्रयोगशाळेत तपासायला दिली. अहवालात आकडा आला ८८ पीपीएम. पैसे थांबले. व्यापाऱ्याने फोनवर दादांना जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दादांनी गुळव्याला फैलावर घेतलं. गुळव्या साठी ओलांडलेले, सगळ्यांचे मामा. “दादा, तुमच्या आदणात मी पावडर टाकलेली नाही, देवाशपथ,” एवढं बोलून ते घरी निघून गेले आणि पुढचे काही दिवस आलेच नाहीत.

दादा आमच्याकडे आले ते ओळखीतून. साताऱ्याच्या आमच्या महाविद्यालयात एका संशोधन प्रकल्पातून आलेलं कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसचं, म्हणजे विद्युतभार असलेले रेणू वेगळे करून मोजणारं, यंत्र आहे. वर्षातला बराच काळ त्यावर कापड झाकलेलं असतं. दादांचं म्हणणं सरळ होतं: “मॅडम, मी टाकलं नाही, मामांनी टाकलं नाही. मग हे ८८ आलं कुठनं?”

प्रश्न दादांनी विचारला त्यापेक्षा एकाने जास्त होता. ८८ हा आकडा खरोखर सल्फर डायऑक्साइडचा आहे का, हा पहिला. असेल तर तो हायड्रोसचाच आहे की दुसऱ्या कशाचा, हा दुसरा. व्यापारी दुसऱ्याचं उत्तर गृहीत धरून बसला होता आणि पहिला कुणी विचारलाच नव्हता.

अहवालातला आकडा कसा निघतो

सल्फाइट मोजण्याची जगभर चालणारी जुनी पद्धत मोनियर-विल्यम्स यांची, १९२७ सालची. नमुना आम्लात उकळायचा. सुटणारा सल्फर डायऑक्साइड नायट्रोजनच्या प्रवाहाबरोबर वर नेऊन हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये अडकवायचा. तिथे त्याचं सल्फ्युरिक आम्ल होतं. ते आम्ल कॉस्टिक सोडा थेंबथेंब घालून मोजायचं, यालाच टायट्रेशन म्हणतात.

पद्धत चांगली आहे, पण शेवटी मोजलं जातं ते आम्ल. वाफेबरोबर दुसरं कुठलं आम्ल वर गेलं तर तेही त्याच खात्यावर पडतं. गुळात असं आम्ल सापडू शकतं. गूळ ओलसर राहिला की आधी यीस्ट आणि मग अॅसेटिक आम्ल करणारे जिवाणू त्यावर काम सुरू करतात. म्हणूनच जुन्या पावसाळी गुळाला आंबूस वास येतो.

ही गळती रोखण्यासाठी पद्धतीत दोन काळज्या सांगितल्या आहेत. वाफ गार करणाऱ्या कंडेन्सरमधून चांगलं गार पाणी फिरलं पाहिजे, म्हणजे अॅसेटिक आम्ल परत खाली ठिबकेल. आणि टायट्रेशनचा शेवट मिथिल रेड या रंग बदलणाऱ्या निर्देशकावर पाहायचा, म्हणजे सौम्य आम्लं पुरती मोजली जाणार नाहीत. फिनॉल्फ्थॅलिन वापरलं तर ती पूर्ण मोजली जातात, हवेतला कार्बन डायऑक्साइडही थोडी भर घालतो.

म्हणून नमुन्याला हात लावण्याआधी दादांना सांगितलं, की व्यापाऱ्यामार्फत प्रयोगशाळेकडून कच्ची नोंद मागवा. ती आली. निर्देशकाच्या रकान्यात फिनॉल्फ्थॅलिन लिहिलं होतं. कंडेन्सरच्या पाण्याच्या तापमानाची नोंद नव्हती. मे महिन्यात नळाचं पाणी किती गार असतं हे इकडे कुणाला सांगायला नको.

हिशेब करून पाहिला. सल्फर डायऑक्साइडच्या एका रेणूमागे दोन हायड्रोजन आयन मोजले जातात, अॅसेटिक आम्लाच्या एका रेणूमागे एक. किलोभर गुळातून सुमारे ११० मिलिग्रॅम अॅसेटिक आम्ल वर गेलं, तर अहवालात ५८ पीपीएम सल्फर डायऑक्साइड दिसेल. एवढं आम्ल किंचित आंबलेल्या गुळात असणं मुळीच अवघड नाही. पण असू शकतं म्हणजे होतंच असं नाही. व्यापाऱ्यासमोर ठेवायला मोजमाप हवं होतं.

पर्याय

पहिला पर्याय सर्वांत स्वस्त होता: दुसऱ्या प्रयोगशाळेत तीच चाचणी पुन्हा करायची. दादांचा कल तिकडेच होता. आम्ही नको म्हणालो. पद्धत तीच असेल तर दुसऱ्या आकड्याचा अर्थही तितकाच धूसर राहतो. एक आकडा वर, एक खाली आला की भांडण वाढतं.

दुसरा पर्याय आमच्याच प्रयोगशाळेत करता येण्यासारखा होता. ऊर्ध्वपातन नीट करायचं आणि पेरॉक्साइडमध्ये जमलेल्या द्रावणात बेरियम क्लोराइड घालायचं. सल्फेट असेल तर पांढरा साका बसतो, अॅसेटिक आम्लाचा बसत नाही. याने पहिला प्रश्न सुटतो. दुसरा सुटत नाही, कारण सल्फाइट हायड्रोसमधून आला असो की साखरेतून, साका सारखाच.

साखरेचा मुद्दा महत्त्वाचा आहे. आपल्याकडची बहुतेक पांढरी साखर सल्फिटेशनने, म्हणजे रसात गंधकाचा धूर सोडून तयार होते आणि तिच्यात थोडा सल्फाइट उरतो. गुळात साखर मिसळण्याचा उद्योग आपल्या भागात चोरून चालतो. ही भेसळ कार्बनच्या समस्थानिकांवरूनही पकडता येत नाही, कारण साखर आणि गूळ दोन्ही उसाचेच.

दादांच्या भावाने आणखी एक शंका काढली होती: शेतात दाणेदार गंधक टाकला होता, त्याचा तर हा परिणाम नाही? नाही. जमिनीतला गंधक सल्फेट होऊन उसात जातो आणि रसात सल्फेट म्हणूनच येतो. सल्फेटपासून चुलवाणावर सल्फाइट तयार होत नाही. ही शंका इथेच मिटवली.

तिसरा पर्याय कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसचा. केसाइतक्या बारीक काचनळीत बफर, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण, भरायचा, दोन टोकांना हजारो व्होल्टचा दाब द्यायचा आणि आयन आपापल्या वेगाने पळू द्यायचे. १९८१ मध्ये जॉर्गेन्सन आणि लुकाक्स यांनी ७५ मायक्रोमीटरच्या नळीत हे करून दाखवलं, तिथून ही पद्धत रुळली. गुळासाठी तिचा एक मोठा फायदा आहे. गुळाचा जवळजवळ सगळा ऐवज साखर, आणि साखरेच्या रेणूंवर विद्युतभार नसतो. ती एका ठिकाणी एकगठ्ठा निघून जाते आणि भारित रेणू वेगळे पडतात.

अडचण सल्फाइटच्या स्वभावाची आहे. तो हवेतल्या ऑक्सिजनने झपाट्याने सल्फेट होतो, विशेषतः लोह किंवा तांब्याचा अंश असेल तर. गुळात काहिलीचं लोह असतंच. शिवाय गुळातला बराच सल्फाइट ग्लुकोजसारख्या साखरांना बांधलेला असतो. द्रावण नुसतंच यंत्रात घातलं तर बांधलेला दिसत नाही आणि मोकळा वाटेत हरवतो.

म्हणून चौथा पर्याय, आणि तोच आम्ही घेतला: सल्फाइटवर आधी एक रंगीत रेणू घट्ट चिकटवायचा, मग नळीत पाठवायचं. यालाच डेरिव्हेटायझेशन म्हणतात. यासाठी मोनोब्रोमोबायमेन हे अभिकर्मक निवडलं. १९७९ साली कोसोवर आणि सहकाऱ्यांनी ते जैविक थायोलसाठी (एका प्रकारच्या गंधकयुक्त रेणूंसाठी) पुढे आणलं. ते सल्फाइटशी जुळतं, थायोसल्फेटशी जुळतं, सल्फेटशी जुळत नाही. जुळल्यावर तयार झालेला रेणू ३९० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतो आणि त्यावर ऋण भार असतो. न जुळलेल्या अभिकर्मकावर भार नसतो, त्यामुळे तो साखरेबरोबर आधीच निघून जातो.

थायोसल्फेटचा उल्लेख उगीच आलेला नाही, सगळं प्रकरण त्याच्याभोवती फिरलं. डायथायोनाइट पाण्यात, त्यातही गरम पाण्यात, टिकत नाही. तो फुटतो तेव्हा बायसल्फाइट (सल्फाइटचंच एक रूप) आणि थायोसल्फेट दोन्ही तयार होतात. साखर कारखान्यातला गंधकाचा धूर मुख्यतः सल्फाइट देतो. म्हणजे गुळात सल्फाइटबरोबर थायोसल्फेट सापडला तर बोट हायड्रोसकडे जातं, नुसता सल्फाइट असेल तर साखरेची शक्यता बळावते. ऊर्ध्वपातनाला हा फरक कळत नाही. तिथे आम्लात थायोसल्फेट फुटतो, गंधक खाली बसतो आणि सल्फर डायऑक्साइड वर जाऊन त्याच आकड्यात मिसळतो.

खर्च हा या पर्यायाचा तोटा. बायमेन महाग येतं, फ्रीझरमध्ये अंधारात ठेवावं लागतं आणि एकदा विरघळवलं की फार दिवस टिकत नाही. एका गुऱ्हाळासाठी एवढं करायचं का, असा प्रश्न विभागात विचारला गेला. एका माणसाच्या हातावर आरोप होता आणि त्याची शहानिशा करणारी साधनं आपल्याकडे पडून होती, हे उत्तर तेव्हा पुरलं.

काय केलं

नमुने तीन प्रकारचे घेतले. व्यापाऱ्याकडच्या त्याच खेपेतली, वेगवेगळ्या खोक्यांमधली न फोडलेली पाकिटं. दादांच्या घरात वापरायला ठेवलेला, त्याच हंगामातला पण वेगळ्या दिवशीचा एक रवा, म्हणजे गुळाची ढेप. आणि प्रयोगशाळेत मुद्दाम तयार केलेले नमुने: ताजा रस आटवून केलेला साधा गूळ, तसाच हायड्रोसची चिमूट टाकून केलेला, आणि साखर मिसळून केलेला. थायोसल्फेट हायड्रोसची खूण आहे हे पुस्तकात वाचणं वेगळं. आपल्या रसात, आपल्या उष्णतेला ती खूण टिकते का, हे पाहणं गरजेचं होतं.

गूळ विरघळवण्यासाठी उकळून गार केलेलं पाणी नायट्रोजन सोडून घेतलं, म्हणजे ऑक्सिजन कमी. त्यात ईडीटीए घातलं, म्हणजे लोह बांधलं जाईल. पीएच ८च्या आसपास ठेवला. या पीएचला साखरेला बांधलेला सल्फाइट सुटतो आणि बायमेनशी जुळणंही वेगाने होतं. बायमेन त्याच पाण्यात आधीपासून हजर ठेवलं, म्हणजे सुटलेला सल्फाइट हवेला सापडण्याआधी पकडला जाईल. कुपी अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून ठेवली आणि थोड्या वेळाने आम्ल घालून क्रिया थांबवली.

बफर निवडताना एक सापळा होता. कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये सवयीने बोरेट वापरतात. पण बोरेट साखरेशी संयुग करतं आणि त्या संयुगावर ऋण भार येतो. म्हणजे जी साखर बिनभाराची म्हणून बाजूला राहणार होती, तिलाच आपण हाताने धरून शर्यतीत उतरवणार. म्हणून फॉस्फेट घेतलं.

दुसरी गोष्ट घट्टपणाची. यंत्र नमुना दाबाने आत ओढतं. गुळाचं द्रावण पाण्यापेक्षा दाट असल्याने तेवढ्याच दाबाला कमी आत जातं. पाण्यातल्या प्रमाण द्रावणाशी, म्हणजे सल्फाइट किती आहे हे माहीत असलेल्या द्रावणाशी, तुलना केली असती तर गुळातला सल्फाइट खरा असतो त्यापेक्षा कमी दिसला असता, आणि तो दादांच्या बाजूने कमी दिसला असता. म्हणून मोजणी प्रमाण-भर पद्धतीने केली: त्याच गुळाच्या द्रावणात माहीत असलेला सल्फाइट थोडा थोडा वाढवत जायचा आणि आलेखातलं त्याचं शिखर किती वाढतं ते पाहायचं.

तिसरी अडचण गुळाच्या तपकिरी रंगाची. उकळताना तयार होणारी तपकिरी द्रव्यं स्वतःही प्रकाश शोषतात, त्यांच्यातल्या बऱ्याच रेणूंवर ऋण भार असतो आणि ती पसरट टेकाड करून येतात. आमची शिखरं नेमकी त्या टेकाडाच्या उतारावर. म्हणून प्रत्येक नमुना दोनदा चालवला, एकदा बायमेनसह आणि एकदा बायमेनशिवाय. दोन्हीत दिसतं ते आमचं नाही.

सल्फाइट आणि थायोसल्फेट यांचे बायमेनशी जुळलेले रेणू आकाराने जवळजवळ सारखे आणि भारही एकच, त्यामुळे शिखरं खेटून आली. लांब नळी वापरल्यावर ती सुटी झाली. कुठलं कोणतं हे पक्कं करायला एक जुनी युक्ती उपयोगी पडली. फॉर्मल्डिहाइड सल्फाइटला बांधून टाकतं, थायोसल्फेटला हात लावत नाही. बायमेनच्या आधी फॉर्मल्डिहाइड घातल्यावर एक शिखर जवळजवळ नाहीसं झालं, शेजारचं जागेवर राहिलं. आयोडीनच्या टायट्रेशनमध्ये ही युक्ती आपण सगळे शिकलेलो असतो आणि परीक्षेनंतर विसरतो.

बेरियमची चाचणीही सोबत केली. तिला खर्च नाही, आणि ती आमच्या निकालाशी जुळली नसती तर यंत्रातलं काहीतरी चुकतंय हे तिथेच कळलं असतं.

काय सापडलं

दादांच्या घरच्या रव्यात दोन्ही शिखरं नव्हती. प्रयोगशाळेत केलेल्या साध्या गुळातही नव्हती. साखर मिसळलेल्या नमुन्यात सल्फाइटचं बारीक शिखर होतं, थायोसल्फेट नव्हता. हायड्रोस टाकलेल्या नमुन्यात दोन्ही ठळक.

व्यापाऱ्याच्या खेपेतल्या पाकिटांनी मात्र दोन सूर लावले. एका खोक्यातल्या पाकिटांत सल्फाइट, सल्फर डायऑक्साइडच्या हिशेबात, २० पीपीएमच्या थोडा वर निघाला आणि शेजारी थायोसल्फेटचं लहान पण स्पष्ट शिखर. थायोसल्फेटचा वाटा धरूनही बेरीज ३० पीपीएमच्या आतच. बेरियमचा साकाही साधारण तेवढाच भरला. उरलेल्या खोक्यांतल्या पाकिटांत काहीच नव्हतं. पहिल्या खोक्यातली पाकिटं उघडली तेव्हा हलका आंबूस वास होता आणि ओलाव्याचं प्रमाणही जास्त निघालं.

थोडक्यात ८८पैकी जेमतेम एक तृतीयांश खरा सल्फर डायऑक्साइड होता. बाकी आंबलेल्या गुळाची उडनशील आम्लं. ७० पीपीएमची मर्यादा ओलांडलेली नव्हती.

दादा खूश झाले. आम्हाला मात्र त्यांना तिथेच थांबवावं लागलं, कारण मर्यादेच्या आत असला तरी त्या एका खोक्यात हायड्रोस होता. ‘रसायनमुक्त’ हा छाप त्या पाकिटांवर खोटाच होता.

गुऱ्हाळावर

मामांना बोलावून उलटतपासणी घ्यायची नाही, असं आधीच ठरवलं होतं. आम्ही गुऱ्हाळावर गेलो आणि त्या तारखेची वही मागितली. कोणाचा ऊस, किती आदणं, किती रवे, एवढं दादांचे वडील हाताने लिहून ठेवतात. खोक्यावरची तारीख ज्या दिवसाची, त्याच्या आदल्या रात्री शेजारच्या गावच्या एका शेतकऱ्याचा ऊस गाळला होता. त्याचा गूळ बाजारात पिवळा म्हणून जाणारा. दादांचं आदण सकाळी पहिलं.

मामा चहा घेऊन आले. आम्ही पावडरीबद्दल विचारलंच नाही. सकाळचं पहिलं आदण चढवताना काहील कशी करता, एवढं विचारलं. मामा म्हणाले, “रात्रीची खरवड असती की तळाला. ती टाकून द्यायची व्हय? पयल्या रसात विरघळती.”

दादांच्या चेहऱ्यावर लगेच सुटका दिसली. पण खरवडीचा हिशेब जुळत नव्हता. त्या शेतकऱ्याचा एक रवा गुऱ्हाळावर पडून होता, तो तपासला तेव्हा १८० पीपीएमच्या आसपास निघाला, थायोसल्फेटसह. काहिलीच्या तळाला खरवड राहते दोन-तीन किलो. एका आदणाचा गूळ सव्वाशे किलोच्या आसपास. यातून येणारा आकडा तीन-चार पीपीएम. आम्हाला मिळाला होता त्याच्या सात-आठपट. तेवढं यायला किमान सोळा-सतरा किलो हायड्रोसवाला गूळ आत जायला हवा, आणि पुन्हा उकळताना थोडा सल्फाइट उडतो म्हटलं तर त्याहून जास्त.

हे मामांना वहीवर मांडून दाखवलं. त्यांनी आकड्यांकडे पाहिलं, मग दादांकडे. फुटके रवे, ओतताना गूळ थंड करायच्या वाफ्यावर सांडलेला पाक, वजनात न बसणारे तुकडे हे पहिल्या आदणात परत वितळवतात, हे त्यांनी सांगितलं. कुणाचे फुटके रवे कुणाच्या आदणात जातात याचा हिशेब कुणी ठेवत नाही. त्यांनी स्वतः वेगळी पावडर टाकली नाही यावर आमचा विश्वास बसला. पण आमच्या मोजणीने ते सिद्ध झालेलं नाही. फुटक्या रव्यांतून आलेला हायड्रोस आणि त्या आदणात हाताने टाकलेली लहानशी चिमूट, या दोन्हींची शिखरं सारखीच दिसतील. हे वाक्य आम्ही दादांना दिलेल्या टिपणात तसंच लिहिलं.

पुढे काय झालं

आमच्या प्रयोगशाळेला या चाचणीसाठी एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता नाही, त्यामुळे आमचं टिपण कायदेशीर वादात चालणारं नव्हतं. ते आम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. व्यापाऱ्याला मात्र बेरियमच्या साक्याचा फोटो यंत्राच्या आलेखापेक्षा लवकर पटला. त्याने खाजगी प्रयोगशाळेकडून मिथिल रेड आणि गार पाणी वापरून फेरतपासणी करून घेतली, आकडा मर्यादेच्या बराच आत आला.

त्यानंतर घासाघीस झाली. ज्या खोक्यांत काही सापडलं नाही त्यांचे पैसे ठरलेल्या दराने मिळाले. पहिल्या खोक्यातला माल छाप काढून साध्या गुळाच्या दराने गेला. दादांना यात तोटा झाला, आणि व्यापाऱ्याने अजून माफी मागितलेली नाही.

मामा परत कामावर आले. दादांनी दोन बदल केले. आपल्या उसाची पाळी काहील रिकामी करून, पाण्याने उकळून घेतल्यावरच चढते. फुटके रवे ज्याचे त्याच्या नावाने वेगळ्या डब्यात राहतात. शेजारच्या गावच्या शेतकऱ्याला पावडर बंद कर म्हणायची दादांची तयारी नव्हती. त्याचा ऊस गेला तर गुऱ्हाळाचे अर्धे दिवस रिकामे जातात. हे आम्हाला आवडलं नाही, पण समजलं.

निर्णयाचे टप्पे आणि काय वेगळं करता आलं असतं

मागे वळून पाहताना सर्वांत किफायतशीर पाऊल ठरलं ते कच्ची नोंद मागवण्याचं. यंत्राला हात लावण्याआधीच अर्धं उत्तर त्या एका कागदावर होतं. पैसे अडकलेल्या कुठल्याही गूळ उत्पादकाने पहिली मागणी हीच करावी: निर्देशक कोणता, कंडेन्सरचं तापमान किती, कोऱ्या नमुन्याचं, म्हणजे गूळ न घालता केलेल्या चाचणीचं, वाचन किती. प्रयोगशाळा सहसा नाही म्हणत नाही, कारण सहसा कुणी विचारतच नाही.

वेगवेगळ्या खोक्यांतली पाकिटं वेगवेगळी तपासली हे बरं झालं. ती कुटून एकत्र मिसळली असती तर १० पीपीएमच्या खालचा एक मुळमुळीत आकडा हाती आला असता आणि आदणांमधला फरक कायमचा बुजला असता.

क्रमात मात्र बदल करायला वाव आहे. वही आधी पाहिली असती तर शेजारच्या शेतकऱ्याचा रवा पहिल्याच फेरीत तपासता आला असता, आणि साखरेच्या शक्यतेवर गेलेलं बायमेन वाचलं असतं. नमुना आल्यानंतर प्रयोगशाळेत त्यावर रसायन चढवण्याऐवजी गुऱ्हाळावरच ताजा गूळ फॉर्मल्डिहाइडच्या बफरमध्ये विरघळवून आणता येतो. सल्फाइट त्यात सुरक्षित राहतो आणि प्रवासात हवेला हरवत नाही. मग बायमेन फक्त थायोसल्फेटसाठी लागतं, खर्च कमी होतो. सल्फाइट मात्र दुसऱ्या मार्गाने मोजावा लागतो, कारण फॉर्मल्डिहाइडशी बांधलेल्या रेणूला रंग नसतो आणि तो अप्रत्यक्ष शोषणावरून, म्हणजे बफरचं शोषण कुठे कमी होतं त्यावरून, ओळखावा लागतो. त्यासाठी क्रोमेटचा बफर सगळीकडे सुचवलेला दिसेल. तो इथे टाळावा: क्रोमेट स्वतःच ऑक्सिडीकारक आहे, आणि तो ज्या क्षारीय पीएचला वापरतात तिथे बांधलेला सल्फाइट सुटू लागतो.

आणखी एक राहून गेलेलं काम अॅसेटिक आम्लाचं. ५८ पीपीएमचा फरक त्याच्यामुळे आहे हे हिशेबाने आणि वासाने जुळतं, पण ते आम्ही थेट मोजलं नाही. त्याच यंत्रावर, त्याच नळीत, वेगळ्या बफरने ते एका दुपारचं काम होतं. फेरतपासणीचा आकडा आल्यावर व्यापाऱ्याला त्याची गरज उरली नाही आणि पाकिटंही संपली होती. येत्या हंगामात दादा प्रत्येक पहिल्या आदणातला एक तुकडा हवाबंद पिशवीत आमच्या फ्रीझरला पाठवणार आहेत. तेव्हा दोन्ही एकाच वेळी मोजायचं ठरलं आहे.